हललेली मेमरी

यशोधरानं चहाचे कप बाजूला सारले आणि पाहुण्यांचा लॅपटॉप चक्क टीपॉयवर पालथा घातला.

"अगं, अगं!" तिचे वडील उत्तमराव खुर्चीतून अर्धे उठले. मुलगी बघायला आलेल्या लोकांची एवढी महागडी वस्तू, आणि ही पोर ती भाकरीसारखी उलटते!

नवरामुलगा नितीन मात्र हसत होता. "करू द्या, काका. त्यांचाच विषय आहे."

विषय तिचाच होता. सावेडीतल्या एका दुकानात ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची, आणि त्यावरूनच आजवरची सगळी स्थळं नाक मुरडून गेली होती. परक्या पुरुषांत बसून स्क्रूड्रायव्हर चालवणारी सून अठ्ठ्याण्णव साली कुणाला हवी होती? नितीननं मात्र आपल्या मामांकरवी आपणहून निरोप धाडला होता, लग्नानंतरही काम करू दे म्हणून. मूळ नेवाशाचा, पुण्यात नोकरी, बोलायला मोकळा. पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येतानाच यशोधराचं मन होकार देऊन बसलं होतं. मग त्यानं कौतुकानं कंपनीचा लॅपटॉप काढला, तर पडदा काळा ठिक्कर आणि आतून नुसतं टूं... टूं... टूं...

"मेमरी," आवाज ऐकताच ती म्हणाली होती. "एसटीच्या धक्क्यांनी हलली असेल."

"यंत्राला बी सय असती व्हय?" नितीनच्या आईनं विचारलं.

"असते ना, आई. ती जागेवरून हलली, की त्याला काही सुचत नाही."

सगळे हसले. यशोधराही हसली. तिनं बॅटरी काढली, स्क्रू फिरवला आणि बारकं झाकण उचललं. आता चिप बाहेर काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे आणि परत बसवायची. तिनं हात घातला आणि तिथंच थांबवला.

चिप तिरकी उभी होती. तिला दोन्हीकडून धरणाऱ्या पत्र्याच्या खिट्ट्या बाहेर सरकवलेल्या होत्या. धक्क्यांनी चिप सैल होते, पण खिट्ट्या उघडत नाहीत. त्यासाठी दोन्ही अंगठ्यांची नखं एकदम लावावी लागतात.

तिनं वर पाहिलं. नितीनचं लॅपटॉपकडे लक्षच नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता, परीक्षेच्या वर्गातल्या मास्तरासारखा.

तिचे कान तापले. सुईत दोरा ओव, चालून दाखव, हे सगळं आईच्या काळात संपलं असं ती समजत होती. जमत नाही म्हणून सांगावं, असंही क्षणभर मनात आलं. पण हातांना खोटं बोलता येईना. तिनं चिप दाबली, खिट्ट्या लागल्या. स्क्रू परत बसवताना मात्र तिला दिसलं, की नव्या कोऱ्या लॅपटॉपच्या या एकाच स्क्रूची खाच पार झिजून गेली आहे.

पडदा उजळला. मामांनी मांडीवर थाप मारली. उत्तमरावांचा चेहरा फुलून आला.

"लई हुशार हाय पोर!" नितीनची आई म्हणाली.

"मुलीला काही विचारायचं असलं तर विचारू दे बाबा," मामा रीतीप्रमाणे म्हणाले. यावर मुलीनं मान खाली घालायची असते.

"माझ्याआधी किती जणींनी उघडलाय हा?" यशोधरानं विचारलं.

उत्तमराव चपापले. पोर भलतंच काय बोलते, म्हणून त्यांनी नितीनकडे पाहिलं. तो नाही म्हणेल, असं त्यांना वाटत होतं.

"पाच जणींनी!" नितीन खुशीत म्हणाला. "सगळ्या कॉम्प्युटर शिकलेल्या. निघायच्या आधी मीच हलवून ठेवतो मेमरी. जमलं फक्त तुम्हाला."

"पारख नको व्हय करायला?" त्याची आई म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारात यशोधराची आई भागिरथीबाई पोह्यांचं पातेलं घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच राहिल्या. उत्तमरावांना कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. आत्ता आपण किती हरखून हसलो, ते आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली नाही.

"मग, बोलणी कधी ठेवायची?" मामांनी विचारलं.

उत्तमरावांनी लॅपटॉप मिटला, नितीनच्या बॅगेत ठेवला आणि चेन ओढली.

"कळवतो," ते म्हणाले.

"कळवतो?" नितीनची आई बघतच राहिली. "आवं, ते आमी म्हनायचं असतं!"

उत्तमरावांनी बॅग तिच्या मुलाच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.