डावा हात

अठ्ठ्याहत्तर साली सानगडीच्या शाळेत तपासणीचा साहेब यायचा होता, तर आदल्या दिवशी मुख्याध्यापक कृष्णरावांनी दहावीकडून हात वर करायची तालीम करून घेतली. उत्तर येतं त्याने उजवा हात करायचा, येत नाही त्याने डावा. साहेबाला सगळा वर्ग हुशार दिसतो आणि शिक्षकाने उजव्या हातवाल्यालाच उठवायचं. दरवर्षीचा हा तमाशा.

"आन धुरपते, तू डावाच करजो," कृष्णराव म्हणाले.

विज्ञानाच्या आनंदरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या वर्गात आवर्तसारणी कळली होती ती याच पोरीला. लिथियम पाण्यात हळू सळसळतं, त्याखालचं सोडियम सैरावैरा पळतं, त्याखालचं पोटॅशियम पेट घेतं, एवढं सांगून त्यांनी रुबिडियमचं विचारलं होतं. पुस्तकात उत्तर नव्हतं. बाकीचे पानं चाळत बसले. चिंधू मजुराची धुरपता म्हणाली, "खाली जाता जाता जोर वाढूनच राहिला, सर. थो त भांडंच फोडन." कृष्णरावांनी ते दारातून ऐकलं आणि त्यांना फक्त तिची बोली ऐकू आली. साहेबापुढे अशी बोलली तर शाळेचं नाक कापलं जाईल म्हणे. स्वतः घरी काय संस्कृत बोलत होते?

पण आनंदराव मूग गिळून बसले. दोन वर्षं ते हंगामी होते आणि कायम होण्याचा कागद कृष्णरावांच्या शिफारशीवर अडला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबाने नेमकं रुबिडियमच विचारलं. वर्गभर डावे हात वर झाले. उजवे दोनच. एक सुखरामचा, कारण कृष्णरावांचा हा लाडका कशालाही उजवाच करायचा. दुसरा मागच्या बाकावरून, धुरपताचा. कृष्णराव आनंदरावांकडे रोखून बघत होते.

"सुखराम," आनंदराव म्हणाले.

सुखरामने सोडियमचा परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला. साहेबाने मान डोलावली, चहा घेतला आणि 'समाधानकारक' असा शेरा मारला.

महिन्याभरात कागद आला. तो खिशात घालून आनंदराव वर्गात शिरले तेव्हा संतापाने त्यांच्या हातातला खडू मोडला. कृष्णरावांचा राग होताच, पण त्याहून जास्त राग स्वतःच्या जिभेचा होता. आता कोणाच्या बापाची भीती नव्हती.

"रुबिडियमच्या खाली सीझियम. पाण्यात टाकलं तर काय होईल?"

धुरपताने डावा हात वर केला.

"डावा काहून?" ते जवळजवळ ओरडलेच. "तुले येते ना?"

"येते ना, सर," ती हात खाली न घेता म्हणाली. "उजवा करून पाह्यला होता त्या दिवशी."