खंडेनवमीनंतरचे आकडे

दुपारी निजलेल्या घरात ओट्यावरून डब्याचं झाकण घसरलं आणि खडखडत सिंकमध्ये पडलं.

रुद्राणीनं झोपेत कूस बदलली, ओठ चोखल्यासारखे केले आणि पुन्हा शांत झाली. पाच वर्षांची झाली तरी ही सवय गेली नव्हती. जाऊही नये, असं तिच्या आईला, विशाखाला आतून वाटायचं.

लॅपटॉप बाजूला सारून ती उठली, झाकण उचललं. मूळचं पांढरं प्लास्टिक वरणाच्या हळदीनं पिवळं झालेलं. साबणानं हे जात नाही, उन्हात ठेवलं की दोन-चार दिवसांत आपोआप उडतं. घरोघरच्या बायकांना ठाऊक असलेली गोष्ट. विशाखा झाकण धरून तशीच उभी राहिली. महिनाभर ती ज्या आकड्यांपुढे डोकं फोडून घेत होती, त्यांचं उत्तर तिच्या हातात होतं.

नांदेडच्या एका कॉलेजात ती पीएच.डी. करत होती. चार वर्षं खपून तिनं एक पद्धत बसवत आणली होती. नवजात बाळाला कावीळ किती आहे, हे टाचेत सुई न खुपसता पाहायचं. मुठीएवढं यंत्र बाळाच्या कपाळाला टेकवलं की निळा उजेड पडतो, कातडीचा पिवळेपणा मोजला जातो आणि आकडा येतो. रुद्राणी तीन दिवसांची असताना तिच्या इवल्याशा टाचेत पाच वेळा सुई गेली होती. त्या रडण्यातून हे यंत्र निघालं होतं, पण असलं काही प्रबंधात लिहायची सोय नसते.

अडचण एकच होती. सावळ्या बाळांवर यंत्र रक्ततपासणीपेक्षा दोनेक अंक कमी सांगायचं. दसऱ्यानंतर अचानक दोन्ही आकडे जुळायला लागले आणि दिवाळी सरली तसे पुन्हा हळूहळू फाकत गेले. तिचे मार्गदर्शक डॉ. हरिओम देवणीकर यांनी मधल्या वीस दिवसांतली त्रेचाळीस बाळं तेवढी उचलली आणि पद्धत सिद्ध झाल्याचं जाहीर करून टाकलं.

देवणीकर सरांची विज्ञानाशी ओळख सत्कारापुरती. लॅबमध्ये ते वर्षातून दोनदा यायचे. एकदा तपासणी पथक आलं की, आणि एकदा खंडेनवमीला, यंत्रांची पूजा करायला. पथकासमोर त्यांना यंत्रांची नावं चिठ्ठीवर लिहून द्यावी लागत. पूजेला ती गरज नव्हती, सगळ्या यंत्रांना सारखंच हळद-कुंकू.

सोमवारी विशाखानं लॅबच्या शिपायाला, वीरण्णाला गाठलं. तो देगलूरकडचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला.

"मामा, खंडेनवमीला माझ्या यंत्राला हळद कुठं लावली होती?"

"तोंडालाच की. त्या प्लास्टिकच्या टोपीला. सरच म्हणले, नव्या मशिनीला आदी लाव. नंतर ओल्या फडक्यानं पुसलो बी मी." त्याचा चेहरा उतरला. "काय बिघडलं का, बाई?"

"तुमच्यानं न्हाई, मामा."

यंत्राचा निळा उजेड ज्या टोपीतून पडत होता, तिच्यावरच हळद मुरली होती. रोजच्या त्या उजेडानंच ती उडत गेली होती. विशाखानं ताजी हळद लावलेली टोपी बसवली, आकडा दोननं चढला. कोरी बसवली, उतरला. अकरा वेळा तसंच झालं. मग ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

लातूरच्या परिषदेच्या पत्रिकेसाठी सर स्वतःचा फोटो निवडत होते.

"सर, जुळलेला आकडा बाळाच्या कातडीचा नाही. टोपीवरच्या हळदीचा आहे."

तिनं सगळं सांगितलं. नातीचं बडबडगीत ऐकावं तसं सर हसऱ्या तोंडानं ऐकत होते.

"म्हणजे मॅडम, तुम्ही आता डब्याच्या झाकणावरून विज्ञान करून राहिल्या."

"झाकणावरून सुचलं. तपासलं यंत्रावर, अकरा वेळा."

"आकडा रक्ताशी जुळतो का न्हाई?"

"जुळतो, पण..."

"मग झालं की. जुळलेलं उसवायचं कशाला?"

"सर, ही यंत्रं गावांतल्या उपकेंद्रांत जाणार. तिथं रक्त तपासायची सोय नाही. टोपीची हळद उडाली की आकडा कमी येईल, आणि नर्सताई काविळीचं बाळ घरी पाठवून देतील."

सरांनी फोटोवरची नजर काढली नाही. "दिवाळीपर्यंतचेच आकडे ठेवा. पुढं बाळंच आली न्हाईत म्हणून लिहा. आणि कुणी हळदीचं विचारलंच, तर पारंपरिक ज्ञान म्हणू. लोकांना आवडतं ते." मग जरा थांबून म्हणाले, "तुमचा प्रबंध सहीसाठी माझ्याच कपाटात हाय. तेवढं ध्यानात असू द्या."

परिषद शनिवारी होती. विशाखाचा नवरा उद्धव नायगावच्या शाळेत शिक्षक. त्याला मतदारयादीच्या कामाला जुंपलेलं. म्हणून रुद्राणीला घेऊनच ती लातूरला गेली. सभागृहाच्या दारात वीरण्णा यंत्राची पेटी घेऊन उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, सर आज सकाळी पुन्हा हळदीचं बोट लावायला लावले. टोपीला."

म्हणजे हळदीचं सरांना पक्कं पटलं होतं. चार वर्षांत त्यांनी स्वतः होऊन केलेला हा पहिला प्रयोग.

समईच्या पाच वातींसाठी स्टेजवर अकरा जणांची झुंबड उडाली. मग शाली, नारळ, शाल देणाऱ्यांना शाली. दोन तास विद्वानांनी एकमेकांना पांघरूण घातलं. विज्ञानासाठी बावीस मिनिटं उरली, त्यातली अठरा सर स्वतःबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, "आता आमच्या मॅडम यंत्र चालवून दाखवतील."

विशाखानं रुद्राणीला खुर्चीवर बसवलं, कपाळावरची बट हळूच मागं सारली.

"दुखेल का?"

"न्हाई गं, राणी. फक्त हलू नको."

मागच्या पडद्यावर आकडा आला, ४.२. विशाखानं पर्समधून कोरी टोपी काढून बसवली. २.१.

"एकच लेकरू, एकच कपाळ," ती माइकवर म्हणाली. "पहिल्या टोपीला आज सकाळी हळद लावलेली आहे. ज्या त्रेचाळीस बाळांचे आकडे सरांनी दाखवले, त्यांच्या वेळीही होती. आमची पद्धत अजून बसलेली नाही. ही यंत्रं उपकेंद्रांत देऊ नका."

पहिल्या रांगेतल्या एकानं मांडीवरची शाल नीट घडी केली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "मॅडमनी छान निरीक्षण मांडलं. जेवण तयार आहे."

चारशे डॉक्टर-प्राध्यापक उठले. बासुंदीच्या रांगेत आपला नंबर कितवा, हे मात्र प्रत्येकाला अचूक मोजता येत होतं. स्टेजकडे एकटीच बाई आली. आरोग्य खात्यातल्या डॉ. उज्वला, यंत्रं कुठल्या उपकेंद्रांना द्यायची त्याची यादी करणाऱ्या. त्यांनी दोन्ही टोप्या उजेडात धरून पाहिल्या, पाकिटात घातल्या.

"सगळे आकडे मला पाठव. दिवाळीनंतरचेसुद्धा. तोवर यादीवर माझी सही होणार नाही."

सरांनी विशाखाला पायऱ्यांवर गाठलं. गळ्यात हार तसाच. "सोमवारपासून लॅबमध्ये यायचे कष्ट घेऊ नका. प्रबंधाचं विसरा. आणि त्या वीरण्णाला नोटीस देतो मी, हळद लावायची अक्कल त्याचीच."

"द्या," विशाखा म्हणाली. "मग कुणाच्या सांगण्यावरून लावली, ते मी आणि मामा दोघं लेखी देऊ."

सरांनी गळ्यातला हार सरळ केला. कुणीतरी फोटोसाठी बोलावलं, तसे ते हसून तिकडं वळले.

नांदेडच्या एसटीत रुद्राणी तिच्या मांडीवर बसली होती. लेकराच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि उन्हाचा वास येत होता. अहमदपूर मागं पडलं.

"आई, मी हलले नाही ना?"

"जरासुद्धा नाही."

रुद्राणीनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"मग सोमवारी मला शाळेत सोडून तू कुठं जाशील?"