व्याह्यांची वेगळी उमू

सावाई बेटाच्या त्या किनाऱ्यावर सिनिवाच्या घरच्या जेवणाला नाव ठेवायची कोणाची टाप नव्हती. तिला लिहायला फारसं येत नव्हतं, पण पाद्र्याला गोड चालत नाही, मास्तरणीच्या अंगावर खेकड्याने गांधी उठतात, मुखियाच्या म्हाताऱ्या भावाला मीठ बंद आहे, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. गावातलं कुठलंही लग्न असो की मयत, काय शिजवायचं ते ती ठरवायची आणि कोणाच्या पानात काय जायला नको तेही तीच सांगायची. तीस वर्षांत चुकली नव्हती. दुसऱ्या कोणाची चूक झाली की मात्र ती वर्षभर चघळायची.

धाकटी तेलेसिया एनेलिकोला द्यायची ठरली, तेव्हा तिची खरी परीक्षा आली. एनेलिकोचं घर रविवारऐवजी शनिवार हा देवाचा दिवस पाळणाऱ्या पंथाचं. ती माणसं डुकराला शिवत नाहीत, आणि खेकडे-शिंपलेही खात नाहीत. त्यात त्याची आई रूता फार कडक. कुठेही जेवायला बोलावलं की आपली टोपली आपल्याबरोबर. त्यात घरी उकडलेला नीरफणस, चार केळी, पाण्याची बाटली. लोक पाठीमागे हसायचे, सिनिवा तोंडावर हसायची. सोयरीक पक्की झाली त्या दिवशी ती रूताला म्हणाली, "विहीणबाई, माझ्या दारात टोपली आणलीत तर मी ती समुद्रात फेकीन. तुमच्या माणसांसाठी वेगळी उमू लावते. दगड वेगळे, पानं वेगळी, वाढणारी माणसंसुद्धा वेगळी."

रूता मग म्हणाली, "बरं. तुमच्या शब्दावर येते."

अडचण दगडांचीच होती. उमूचे दगड तापवायचे, त्यांच्यावर अन्न मांडायचं, वरून केळीची पानं घालून झाकायचं. घरातले दगड वर्षानुवर्षं डुकराची चरबी पिऊन काळेकुळकुळीत झालेले. नवे हवे होते. मोठा मुलगा पेसामिनो म्हणाला, वरच्या माळावरून जुन्या लाव्हाचे दगड आणतो, दिवस जाईल पण चांगले मिळतील. सिनिवाला दिवस घालवायचा नव्हता. आहेराच्या चटया मोजायच्या होत्या, डुकरं निवडायची होती. तिने सांगितलं, समोरच्या किनाऱ्यावरचे उचल. तो म्हणाला, ते पाणी प्यायलेले असतात, तापले की फुटतात. त्यावर तिने त्याला ऐकवलं, की तू माझ्या कडेवर होतास तेव्हापासून मी उमू लावतेय.

लग्नाच्या सकाळी दोन जाळ पेटले. दुसऱ्या जाळातले दगड अर्धेमुर्धे तापले नाहीत तोच फटाफट फुटायला लागले. कपच्या उडाल्या, एक पेसामिनोच्या नडगीला लागली, बाकीचा चुरा राखेत पडला. मंडळी चर्चमध्ये होती. फार तर दीड तास हातात.

पेसामिनोने नडगीला फडकं बांधता बांधता सुचवलं, की मागच्या स्वयंपाकघरात गॅस आहे, नवी पातेली आहेत. नीरफणस उकडू, मासे तळू आणि व्याह्यांना काय झालं ते सरळ सांगू. सिनिवाच्या डोळ्यांपुढे ते पातेलं आलं. सगळं गाव उमूतलं खाणार आणि तिचे व्याही पातेल्यातलं, तेही तिच्याच अंगणात. पाद्र्याची बायको तर गावभर वाजवत फिरली असती.

"मोठ्या उमूतच घाल," ती म्हणाली. "डुकरापासून लांब, त्या कडेला. मध्ये पानं घाल दाट."

"आये, झाकल्यावर आत वाफ सगळ्यांची एकत्रच होते. चरबी दगडांवरून वाहते."

"तुला विचारलं का मी?"

त्याने घातलं. त्यानंतर तो दिवसभर तिच्याकडे बघून बोलला नाही.

रूता रिकाम्या हाताने आली. तिच्याबरोबर चौदा माणसं. सिनिवाने त्यांना वेगळ्या चटईवर बसवलं, स्वतः वाढलं. रूताने डोळे मिटून प्रार्थना केली आणि प्रार्थनेत सिनिवाचं नाव घेऊन देवाचे आभार मानले. खरं काय ते सिनिवाच्या जिभेवर आलं होतं. पण पलीकडून पाद्र्याची बायको मान उंचावून बघत होती. तेवढ्यात रूताने पालुसामीचं पान उलगडलं. अळूची कोवळी पानं, आत नारळाचं दाट दूध. तिने एक खाल्लं, मग दुसरं घेतलं. अशी चव आपल्या हाताला कधी आली नाही, असं ती शेजारणीला सांगत होती. सिनिवाला माहीत होतं ती चव कशाची. शहाळी आणायच्या निमित्ताने ती उठली आणि घरामागे जाऊन नुसती उभी राहिली. कान भाजल्यासारखे झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, पाहुण्यांनी पानात टाकावं, नावं ठेवावीत, पण खाऊ नये.

निघायच्या वेळी रूता तिच्याजवळ आली. नवऱ्याचे पाय सुजलेले, म्हणून तो घरीच होता. तिने थोडी पालुसामी बांधून मागितली. म्हणाली, "चाळीस वर्षांत त्यांनी बाहेरचं तोंडात घातलेलं नाही. आज सांगते त्यांना, खा, सिनिवाच्या घरचं आहे."

सिनिवाने पुडा हातात घेतला होता. तो तिच्याने पुढे करवेना.

"नका नेऊ," ती म्हणाली. "डुकराच्याच उमूत शिजलंय सगळं. दगड फुटले. मला पातेल्यातलं वाढायची लाज वाटली."

रूताने नुसता ओठांवरून हात फिरवला. मग हळू आवाजात विचारलं, "मी हे मागितलं नसतं, तर सांगितलं असतंत?"

सिनिवाला खोटं बोलता आलं असतं. आजूबाजूला तेलेसिया होती, पाद्र्याची बायको होती, अर्धं गाव होतं.

"नाही," ती म्हणाली.

रूताने वळून आपल्या माणसांना सांगितलं. कोणी भांडलं नाही. एकेकजण नळाशी गेला, चुळा भरल्या आणि त्यांना घेऊन आलेल्या छोट्या बसमध्ये जाऊन बसला. एक म्हातारी नळाशी फार वेळ वाकून राहिली. एनेलिको बायकोकडे बघावं की आईकडे, या पेचात जमिनीकडे बघत होता.

"घरी त्यांना आता काय सांगू मी?" रूता म्हणाली.

"तुम्ही नका सांगू. मी येते."

ती तशीच लग्नाच्या कपड्यांत बसमध्ये चढली. बस भरलेली. बस भरली की त्या बेटावर कोणी उभं राहत नाही. बसलेला माणूस आपली मांडी देतो, म्हाताऱ्या बाईला तर सगळ्यांत आधी. चौदा माणसं खिडकीबाहेर बघत होती. रूताही. कोणी सरकलं नाही, कोणी मांडी दिली नाही.

बस सुटली. सिनिवाने वरची दांडी धरली आणि आपल्या गावातून, आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत, ती उभ्यानेच गेली.