वरकस गेला तेव्हा

सासूला परसाकडं साफ होत नाही, हे सोनालीला कळलं ते धुणं धुताना, लुगड्यावरच्या रक्तावरून.

"आय, हे काय?"

"म्हातारपणी पाळी आली गो परत," बाईजा म्हणाली आणि स्वतःच हसली. "खडे पडतात. जीव जातो."

तानसा तलावाच्या वरच्या अंगाला त्यांचा पाडा. सोनालीच्या नवऱ्यानं, भाविकनं, डोंगरउताराचा वरकस माळ फार्महाऊसवाल्याला विकला. त्या माळावर नाचणी व्हायची, आणि तिथल्याच करवंदीच्या जाळ्यांआड पाड्यातल्या बाया परसाकडं बसायच्या. तारेचं कुंपण आलं तशी भाकरी गेली आणि आडोसाही गेला. ताटात उरला रेशनचा पांढरा भात. बाया पहाटे अंधारात रस्त्याकडेला बसू लागल्या; जीपचा उजेड आला की लुगडं खाली सोडून उभं राहायचं. दिवसा कळ आली तर दाबायची. कळ येऊच नये म्हणून पाणी प्यायचं नाही. घरामागं सरकारी संडास होता, त्यात भाविकनं सिमेंटच्या गोणी रचल्या होत्या. पुरुषाला काय, त्याला सगळं रान मोकळं.

सोनाली आसनगावच्या गोडाऊनात पॅकिंगला जायची. येताना तिनं मेडिकलमधून पोट साफ व्हायला इसबगोलचा भुसा आणला. "चमचाभर घ्यायचा, वर तांब्याभर पाणी प्यायचं," असं सासूला सांगितलं आणि भाताचं आधण ठेवायला पळाली.

बाईजानं भुसा घेतला, तांब्या ठेवून दिला. तांब्याभर पाणी प्यायचं आणि भरदिवसा जायचं कुठं? फार तर घोटभर पाणी. गुण येईना, तेव्हा तिनं चमच्याची मूठ केली. औषध चांगलं, तर जास्त घेतलेलं बरं.

पोट ढोलकीसारखं फुगलं. ओकाऱ्या सुरू झाल्या. भाविक म्हणाला, "गॅस असंल, सोडा पाज." तो दिवस त्यातच गेला. ओकारीला घाण वास यायला लागला, तेव्हा कुठं जीप आली.

शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं सोनालीकडून भुशाचं ऐकलं, पोट दाबून पाहिलं. "भुसा आतड्यात गच्च बसलाय. हिला पाणी नव्हतं का पाजायचं?"

"ती पितच नाय ओ," भाविक म्हणाला. "सवयच नाय तिला."

"सवय नाय?" सोनाली उसळली. "माळ कुणी विकला? संडासात गोणी कुणी भरल्या? ती पिऊन जाणार कुठं होती, तुझ्या डोक्यावर?"

"हळू बोल गो. लोक बघतायत."

"बघू देत! तिला रस्त्यावर बसलेली बघितली, तेव्हा नाय लाज वाटली?" ती डॉक्टरकडं वळली. "आणि मी पण तशीच. भुसा दिला तिच्या हातात, ती पाणी प्याली का ते बघितलंच नाय."

डॉक्टरनं ठाण्याला न्यायला सांगितलं, ऑपरेशन लागेल म्हणाला. तोंडानं काही द्यायचं नाही, थेंबभर पाणीसुद्धा नाही.

गाडी येईना. बाईजा खाटेवर पडून समोरच्या दाराकडं बघत होती. आत बायांचा संडास होता. एक बाई आत गेली, कडी लागल्याचा आवाज आला.

"सोने," बाईजा पुटपुटली. ओठ तडकले होते. "इथं कडी हाय गो. दे आता पाणी. तांब्याभर दे."

सोनालीनं पदराचं टोक नळाखाली भिजवलं, घट्ट पिळलं आणि तिच्या ओठांवर टेकवलं.

"एवढंच?" बाईजानं विचारलं.