हरेशच्या खांबाखालचा शेष

शिरवणे गावी हरेशच्या चार मजली इमारतीपुढे भर दुपारी जनसमुदाय लोटला होता. तळमजल्याच्या मधल्या खांबापाशी पाण्याने भरलेली पितळी परात, आणि तिच्यामागे भूधरमहाराज. कोणीही स्पर्श न करता पाणी थरथरत होते!

"शेष जागा आहे, बालकांनो! परंतु मी ताम्रखिळा ठोकून त्यास झोपवितो. मग हा खांब कशाला? इमारत शेषच फण्यावर धरील!"

हरेशला हेच हवे होते. खांब तोडून त्यास दुकानाचे शटर रुंद करावयाचे होते. वरती आम्ही नऊ भाडेकरू कुटुंबे राहत होतो.

झांजांच्या गजरात महाराजांनी खिळा जमिनीत ठोकला. ठीक एक वाजता पाणी निश्चल झाले. हरेशने घण उचलला.

तोच क्रांती पुढे झाली. भूकंपाच्या धोक्याचा नकाशा करण्यासाठी ही अभियंता गावभर जमिनीत भोके पाडून माती तपासत असे.

"हरेशदादा, दोन वाजेपर्यंत थांबा."

"कशाला टेन्शन देते, ताई? पानी थांबला ना!"

तिसऱ्या मजल्यावरची जाईबाई कडाडली, "थांब की रं! माजी सून वर लेकराला पाजतीया. घन तुजा, जीव आमचा!"

महाराजांना अकस्मात वाशीस जाणे निकडीचे वाटू लागले. जाईबाईने त्यांना चहास बसविले.

दोन वाजले. खिळा जागीच, पाणी पुन्हा थरथरू लागले!

क्रांतीने कुंपणापलीकडे बोट दाखविले. तेथे नव्या टॉवरच्या पायासाठी यंत्र लोखंडी खांब ठोकीत होते. महिनाभर ऐकून आमचे कान त्या आवाजास निर्ढावले होते.

"एक ते दोन कामगारांची जेवणाची सुट्टी. शेष झोपला नव्हता, कामगार डबा खात होते."

"म्हंजे इथं धोका नाय?" हरेश हर्षला.

"आहे ना! तिकडच्या ठोक्यांनी इकडे एवढं पाणी हलतं, कारण खाली मऊ भराव आहे. नकाशात ही पट्टी लाल आहे. भूकंपात अशी जमीन जास्त हलते, आणि सगळा भार या खांबांवर येतो."

हरेशची आई पुतळाबाई म्हणाली, "खरा हाय, पोरा. इथं खाजन व्हता, खाडीच्या चिखलातली शेती. भाताच्या लावनीला मी मांडीपर्यंत रुतायची. तुझ्या बापाला बोललेली, चार माले चढवू नको."

हरेशने घण खाली ठेवला. महाराज तेवढ्यात अंतर्धान पावले. त्यांचा हा एकमेव चमत्कार अस्सल होता.

वाचकहो, भूकंप केव्हा येईल हे महाराजही जाणत नाहीत आणि अभियंताही. परंतु घराखाली कातळ आहे की चिखल, हे आजच कळू शकते. वास्तूचा मुहूर्त विचारता, तशी जमीनही विचारा. आणि खांबास घण लावण्यापूर्वी जिना चढून, वर कोण राहते ते पाहून या.