पूजेतली हत्यारं

बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, कुंकवाचं स्वस्तिक. सगळं यथासांग झालं आणि ऐन दसऱ्याला गाडीने दगा दिला. नरेंद्रांनी चावी फिरवली तशी ती नुसती घरघरली आणि मागून फट्टकन असा बार उडाला की शेजारचं कुत्रं अख्ख्या बॉथेल गावात ऐकू जाईल असं भुंकायला लागलं.

आता गाडीचं वय झालं होतं हे खरंच. अमेरिकेत आल्यावर घेतलेली पहिली गाडी. मुलं म्हणत होती, भंगारात द्या. पण रिटायर्ड इंजिनिअर माणूस तो, ऐकतोय कुणाचं! शोभनाला मात्र गाडीची चिंता नव्हतीच. तिला चिंता होती नवऱ्याची. मागच्या महिन्यात रोजच्या दुकानातून घरी येताना ते रस्ता विसरले होते. तिने स्मरणशक्तीच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, ती त्यांनी परस्पर कॅन्सल केली. तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलणं.

"हे बघ," नरेंद्र बाह्या सरसावत म्हणाले, "आज मी गाडी चालू करून दाखवली, तर डॉक्टरचं नाव काढायचं नाही. नाही जमलं, तर म्हणशील तिथे मुकाट येतो."

शोभना नेहमीसारखी स्टिअरिंगवर बसली. दुरुस्तीला गाडी उघडली की चावी फिरवणं तिच्याकडे आणि डोकं चालवणं त्यांच्याकडे, ही इतक्या वर्षांची वाटणी.

"फिरव!"

फट्ट!

"पेट्रोल येतंय," ते वाकून वास घेत म्हणाले. एक प्लग काढून त्यांनी इंजिनला टेकवला. "फिरव पुन्हा. हं, ठिणगीही पडतेय. म्हणजे अगं, ठिणगी पडतेय, पण भलत्या वेळी पडतेय! म्हणून पेट्रोल नको तिथे पेटतंय."

काय तो उत्साह! महिन्याभरात तिने त्यांना असं पाहिलं नव्हतं. तिला भरून आलं. वाटलं, उगाच घाबरलो आपण, हा माणूस तर पूर्वीसारखाच आहे. जिंकू दे बाई ह्यांना.

नरेंद्रांनी प्लगच्या वायरी ठिणगीच्या क्रमाने एकेक करून बोटाने धरल्या. "एक, तीन..." आणि थांबले. "दोन वायरींची अदलाबदल झालीय. ह्याची त्याला, त्याची ह्याला. कुठल्या गाढवाने हे केलं? माझी हत्यारं तर खंडेनवमीपासून पूजेत होती. मी बॉनेट उघडलंच नाहीये."

शोभनाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. अष्टमीला दुपारी हेच गॅरेजमध्ये नव्या वायरी घालत होते. तिनेच हाक मारली होती, "अहो, आटपा, हत्यारं घासायचीत उद्याच्या पूजेसाठी!" त्यांनी घाईघाईने काम उरकलं, पाने-स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिले. गाडी चालू करून बघायची राहिली. आणि आज त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

"मीच केलं," ती पटकन म्हणाली. "पूजेसाठी इंजिन पुसताना निघाल्या, तशाच लावल्या."

"काय गं हे!" ते कडाडले, पण चेहरा खुलला होता. वायरी बदलल्या. "फिरव!"

गाडी एका झटक्यात चालू झाली. शोभना हसली, आणि तिने डोळे पुसले.

नरेंद्र हात पुसायला फडकं घ्यायला कोपऱ्यात गेले. तिथे जुन्या वायरींचं भेंडोळं पडलं होतं, त्यांच्याच पद्धतीने, दोऱ्याने नीट बांधलेलं. त्यांनी ते उचलून गाठीवरून बोट फिरवलं. मग आपल्या नखांतलं काळं बघितलं. अष्टमीचं होतं की आजचं, कोण सांगणार?

ते परत आले. इंजिन झकास चालत होतं. शोभना सवयीने उतरून त्यांना जागा द्यायला लागली.

"बस तिथेच," ते म्हणाले. "तू आयुष्यात कधी बॉनेटखाली हात घातला नाहीस, शोभना."

शोभनाने दार पुन्हा ओढून घेतलं. "अहो, पण गाडी तर तुम्हीच चालू केलीत. पैज जिंकलात तुम्ही."

नरेंद्र वळसा घालून पलीकडे गेले आणि त्या गाडीत पहिल्यांदाच शेजारच्या, तिच्या नेहमीच्या जागेवर बसले. पट्टा लावायला त्यांना जरा वेळ लागला.

"चल, लिंबं चिरडून बाहेर काढ," ते म्हणाले. "आणि उद्या त्या डॉक्टरला फोन कर. मी विसरलो तर आठवण कर."