डावा पल्ला

बाहुबली आण्णांच्या गॅरेजचा डावा पल्ला पुन्हा खाली बसला होता. दार उघडताना त्याचा कोपरा फरशीवर असा काही घासायचा, की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. आण्णांनी फोनवर "आत्ताच्या आत्ता ये" असं फर्मान सोडलं आणि कृष्णात हातातली खिडकी तशीच टाकून आला.

कृष्णातचं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. लोखंडाशी खोटं बोलता येत नाही, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गिऱ्हाइकाशी मात्र बोलता येतं, हे काही सांगायचा नाही.

त्यानं टेप काढला आणि पल्ल्याची दोन तिरकी मापं घेतली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सारखी भरली. म्हणजे चौकट सरळ होती, पल्ला कुठंही वाकलेला नव्हता. मग त्यानं वरच्या बिजागरीला हात घातला, तर बिजागरीसकट खांबावरची पट्टीच हलली. पट्टी नुसत्या आखूड बोल्टांवर, प्लास्टरच्या जिवावर उभी होती. खांब फोडून पट्टीचे पाय काँक्रीटमध्ये गाडायला हवे होते. ते न गाडणारा शहाणा कोण, तर कृष्णातच. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या घाईत त्यानं ते काम उरकलं होतं.

त्याला धक्का बसला नाही. कारण हे सगळं त्यानं गेल्या वर्षीच पाहिलं होतं.

गेल्या वर्षी हाच पल्ला असाच बसला होता. तेव्हा आण्णांनी आपणहून विचारलं होतं, "सुनेनं गाडी ठोकली का काय रं?" आणि कृष्णातनं पट्टी हलताना पाहूनही मान डोलावली होती. "व्हय आण्णा, गाडीच लागलीया. त्याबिगर एवढं दार बसंल व्हय?" वाक्य असं अलगद तोंडातून निघालं, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं होतं. मग जॅकनं पल्ला उचलून त्यानं वेल्डिंगचे दोन टाके मारले आणि चहा पिऊन निघून गेला.

"ताई दिसंनात. दवाखान्यात गेल्यात व्हय?" त्यानं विचारलं. आण्णांची सून स्नेहल दातांची डॉक्टर. नृसिंहवाडीत तिचा दवाखाना होता आणि आठवड्यातून चार दिवस ती स्वतः गाडी चालवत जायची.

"कसला दवाखाना! बंद केला की," आण्णा म्हणाले. "तू गाडी लागली म्हटलास, त्याच दिवशी किल्ली काढून घेतली मी. आज दार ठोकलं, उद्या माणूस ठोकंल. दोन म्हैने यष्टीनं गेली, मग जमंना तिला."

कृष्णातच्या हातातला टेप सर्रकन मागं गेला. एका वाक्याची एवढी मजल जाईल, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. खरं म्हणजे त्यानं डोक्यात येऊच दिलं नव्हतं.

आण्णा जवळ सरकले. आवाज उतरवून म्हणाले, "पर मला एक सांग. वर्षभर गाडी जागची हलली न्हाय, आमचा पोरगा सम्मेद पुण्यास्नं आला तर तेवढीच. मग दार बसलं कसं? मी दुपारचा झोपलो की ही चोरून काढती का काय गाडी? तू सांग, मग इचारतो तिला."

आता नुसती मान डोलावली की सुटला असता. आण्णा तर वाटच बघत होते. कृष्णातला स्वतःची इतकी शरम वाटली, की वर बघवेना.

तेवढ्यात स्नेहलच पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. "कृष्णातदादा, कांदा नाही हं आमच्यात, चालेल ना?" असं म्हणून तिनं बशी पुढं केली. त्यानं बशी घेतली नाही, तेव्हा तिनं ती कठड्यावर ठेवली.

"आण्णा, गाडी लागल्यालीच न्हाय," तो म्हणाला. "आत्ता न्हाय आन् गेल्या वर्षीबी न्हाय. काम माझंच कच्चं हुतं. ही बगा पट्टी." त्यानं पट्टी हलवून दाखवली. प्लास्टरचा भुगा खाली पडला.

आण्णा त्या भुग्याकडं बघत राहिले. मग तडकले. "आन् हे तवा सांगाय काय धाड भरलती तुला?"

"भ्यालो," कृष्णात म्हणाला. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

स्नेहलचा चेहरा फुलेल, निदान ती त्याच्यावर खवळेल तरी, असं त्याला वाटलं होतं. ती मात्र गोंधळून दाराकडं पाहत होती.

"पण मला आठवतंय की," ती हळूच म्हणाली. "मागं घेताना लागली होती. आवाज आला होता."

कृष्णातनं पट्टीवरचा हात काढला.

"आधी मी नाही म्हणत होते. मग आण्णा रोज म्हणायला लागले, सम्मेदपण फोनवर म्हणाले, कारागीर कशाला खोटं बोलेल. मग मला आवाज आठवायला लागला. रात्री झोपतानापण यायचा. आण्णांची माफी मागितली मी. दोनदा." ती कृष्णातकडं वळली. "त्या दिवशी दारावर खूण होती का हो? गाडी लागल्याची?"

"न्हवती, ताई."

"तुम्ही नीट बघितलं होतं?"

"व्हय. बघितलं हुतं."

आण्णा आत गेले आणि किल्ली घेऊन आले. सुनेच्या हातात द्यायचा धीर त्यांना झाला नाही. त्यांनी ती पोह्यांच्या बशीशेजारी कठड्यावर ठेवली. "उद्यापास्नं वाडीच्या दवाखान्यात जा तू," एवढंच कसंबसं म्हणाले.

"आण्णा, खांब आज फोडाय लागंल," कृष्णात म्हणाला. "काँक्रीट भरल्यावर आठ दिस दार उघडायचं न्हाय."

"बरं झालं," स्नेहल म्हणाली. ती किल्लीकडं बघत होती, पण तिनं हात पुढं केला नाही. "मला नाही वाटत मला आता जमेल."

ती आत गेली. कृष्णातनं पल्ल्याखाली जॅक लावला आणि छिन्नी खांबावर ठेवली. काँक्रीट आठ दिवसांत धरतं, हे तो कुणालाही छातीठोकपणे सांगू शकला असता. तिचं काय, हे विचारायला त्याला तोंड उरलं नव्हतं.